कोणाचा रे तूं?

परक्या आळींत खेळतां खेळतां आलेलें एखादें पोर ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या दृष्टीस पडलें, म्हणजे त्याच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न "तुझें नांव काय?" हा नसतो, "कोणाचा रे तूं?" हा असतो. पोर बापाचें नांव सांगतें, म्हातारा मान हालवितो, आणि आजा-पणज्यापर्यंतची सारी सांखळी त्याच्या मनांत आपोआप जुळते. आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविल्यामुळें मला या प्रश्नाचें व्याकरणच आधीं दिसतें. मनुष्याची ओळख प्रथमा विभक्तीनें होत नाहीं, षष्ठीनें होते. तो कोण हें मागाहून. तो कोणाचा हें आधीं.

हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, युरोपच्या आग्नेय भागांत, डॅन्यूब आणि सावा या नद्यांच्या कांठच्या खेड्यांतूनहि विचारला जातो. सर्बियांतील म्हातारा अनोळखी पोरास म्हणतो, "चियी सी ती?" म्हणजे अक्षरशः "कोणाचा तूं?" आणि विशेष हें कीं, त्या देशांतील, तसेंच शेजारच्या क्रोएशियांतील, असंख्य आडनांवें म्हणजे या एका प्रश्नाचीं गोठून राहिलेलीं उत्तरें आहेत.

या विषयाकडे माझें लक्ष गेलें तें खेळामुळें. आमच्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, आणि विंबल्डनचे सामने सुरू झाले कीं दूरचित्रवाणीपुढें तिन्ही पिढ्यांची पंगत बसते. तेथें जोकोविच हें सर्बियन नांव. त्याचा एके काळचा शिक्षक इवानिशेविच हें क्रोएशियन नांव. "आजोबा, या सगळ्यांच्या शेवटीं 'इच' कां?" असें नातवानें विचारलें. तद्धित प्रत्यय शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या मास्तरास निवृत्तीनंतर यापरता दुसरा आनंद कोणता? त्या दिवसापासून मीं एक टिपणवही घातली. तिच्यांतील कांहीं निवडक गोष्टी आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम शब्दाची घडण पाहूं. पेतार हें नांव घ्या. ख्रिस्ताचा शिष्य पीटर याच्या नांवाचें तें तिकडील रूप होय. त्यास 'ओव' हा प्रत्यय लागला कीं 'पेत्रोव' होतें, म्हणजे 'पेतारचा'. षष्ठीचें काम येथें संपलें. त्यापुढें 'इच' हा दुसरा प्रत्यय येतो. हा मुळांत लघुत्व दाखविणारा, लडिवाळ प्रत्यय आहे. म्हणून 'पेत्रोविच' म्हणजे पेतारचा छोटा, पेतारचें पोर. याच रीतीनें मार्कोचा मार्कोविच, पावलेचा पावलोविच, योवानचा योवानोविच. मृदु व्यंजनानंतर 'ओव'चा 'एव' होतो, म्हणून मिलोशचा मिलोशेविच आणि जोर्जेचा जोर्जेविच. नांव आकारान्त असेल तर मधला प्रत्यय बहुधा गळतो आणि 'इच' सरळ लागतो: निकोलाचा निकोलिच, लुकाचा लुकिच, तोमाचा तोमिच, इलियाचा इलिच.

पाणिनीनें अपत्यार्थी प्रत्ययांचें एक मोठें प्रकरणच रचिलें आहे. दशरथाचा दाशरथि, गर्गाचा गार्ग्य, विनतेचा वैनतेय, हीं रूपें ज्यांनीं लहानपणीं घोकलीं, त्यांस पेत्रोविच फार परका वाटूं नये. भेद इतकाच कीं, संस्कृतांत प्रत्यय लागतांना शब्दाच्या आरंभींच्या स्वराची वृद्धि होते. स्लाव भाषांत आरंभ जसाच्या तसा राहतो आणि शेवटीं प्रत्ययावर प्रत्यय चढतो.

उच्चाराविषयीं एक सूचना. या 'इच'मधील च हा 'चिमणी'तला तालव्य च आहे, 'चोर'मधला दंत्य नव्हे. क्रोएशियन लोक रोमन लिपी वापरतात. सर्बियन लोक सिरिलिक आणि रोमन अशा दोन्ही लिपी वापरतात. रोमन लिपींत या चकारावर एक तिरकी रेघ असते. इंग्रजी वर्तमानपत्रें ती रेघ बहुधा गाळतात, आणि मग परका वाचक 'च'चा 'क' करून बसतो. मराठी माणसास दोन्ही चकार उपजतच अवगत आहेत. त्यानें तरी ही चूक करूं नये.

शेजारच्या स्लाव भाषांशीं तुलना केली म्हणजे गंमत अधिक कळते. बल्गेरियन मनुष्य 'ओव'पाशींच थांबतो. त्याचें आडनांव पेत्रोव एवढेंच. रशियन मनुष्य दोन्ही प्रत्यय वापरतो, परंतु निरनिराळ्या कामांसाठीं. ज्याचें नांव इवान पेत्रोविच असें आपण रशियन कादंबऱ्यांत वाचतों, त्याचें पेत्रोविच हें आडनांव नव्हे. तें बापाचें नांव. आडनांव त्यापुढें निराळें असतें. म्हणजे आपल्याकडील मधल्या नांवाप्रमाणेंच तें दर पिढीस बदलतें. सर्ब आणि क्रोएट लोकांत मात्र हेंच बापाचें नांव पुढें आडनांव होऊन बसलें. तें कसें, हें पुढें सांगतों.

आतां नांवांकडे वळूं. यांतील पुष्कळशीं नांवें ख्रिस्ती संतांचीं आहेत. परंतु सर्ब लोक बहुतेक पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथाचे आणि क्रोएट लोक रोमन कॅथलिक पंथाचे. त्यामुळें एकाच संताचें नांव दोन वाटांनीं आलें. जॉन हा सर्बांकडे योवान झाला आणि क्रोएटांकडे इवान. सर्बियांत सर्वांत अधिक आढळणारें आडनांव योवानोविच हेंच होय. जॉर्ज सर्बांकडे जोर्जे झाला, क्रोएटांकडे युराय किंवा युरे. एकाचा वंश जोर्जेविच, दुसऱ्याचा युरिच. क्रोएशियांत अग्रस्थानीं मात्र 'होरवात' हें आडनांव आहे. त्याचा अर्थच 'क्रोएट'. त्याच्या मागें लोहाराच्या धंद्यावरून आलेलें कोवाचेविच. पण युरिच, मारिच, मातिच, तोमिच, हीं तेथेंहि घरोघरीं भेटतात.

घरांतील लाडक्या नांवांनींहि आडनांवें दिलीं आहेत. जोर्जे नांवाच्या मुलास घरीं जोको म्हणत; त्या जोकोचा वंश तो जोकोविच. म्हणजे जगांतील एका अग्रगण्य खेळाडूच्या आडनांवांत कोणा विस्मृत जॉर्जचें घरगुती हांक मारण्याचें नांव दडलेलें आहे. गणेशाचा गणू व्हावा आणि सात पिढ्यांनीं स्वतःस 'गणूचे' म्हणवून घ्यावें, तसाच हा प्रकार. १९६१ सालीं ज्यांस वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळालें, ते इवो आंद्रिच घ्या. त्यांचें आडनांव आंद्रिया, म्हणजे अँड्र्यू, या नांवाचें अपत्य होय.

परंतु संस्कृतज्ञास खरी मेजवानी आहे ती ख्रिस्ती धर्मापूर्वींच्या जुन्या स्लाव शब्दांपासून झालेल्या नांवांत. बोग्दान हें नांव पाहा. 'बोग' म्हणजे देव. वेदांतील भग या देवतेच्या नांवाशीं भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें जोडतात. 'दान' म्हणजे दिलेला; धातु आपलाच, 'दा'. बोग्दान म्हणजे आपला देवदत्त, आणि बोग्दानोविच म्हणजे देवदत्ताचें पोर. ग्रीक भाषेंतून आलेल्या तेओदोर किंवा तोदोर या नांवाचाहि अर्थ देवाची देणगी असाच आहे, त्यावरून तोदोरोविच. जिव्को या नांवांत आपला 'जीव' आहे, त्यावरून जिव्कोविच. नेनाद म्हणजे अनपेक्षित, ध्यानींमनीं नसतां झालेला मुलगा, त्यावरून नेनादोविच.

मात्र अशा साम्यांनीं भुलूनहि जाऊं नये. मिलान हें तिकडील अतिशय लोकप्रिय नांव. तें कानीं पडतांच आपल्यास 'मिलन' आठवतें. पण त्याचें मूळ 'मिल' म्हणजे प्रिय या शब्दांत आहे. भेटीगांठीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. मिलोश, मिलोवान हीं त्याचींच भावंडें. शब्दांचे चेहरे मिळाले म्हणजे गोत्र मिळतेंच असें नाहीं.

या नांवांपैकीं मला सर्वांत हालवून सोडणारें नांव म्हणजे वुक. वुक म्हणजे लांडगा. संस्कृतांतील वृक हाच तो शब्द, जो भीमसेनाच्या वृकोदर या नांवांत आपण रोज वाचतों. आईबाप आपल्या तान्ह्या बाळास लांडगा कां म्हणतील? याचें उत्तर वुक कराजिच या विद्वानानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. हा गृहस्थ १७८७ सालीं सर्बियांतील त्रशिच या खेड्यांत जन्मला आणि १८६४ सालीं व्हिएन्ना येथें वारला. सर्बियन लोकभाषेस त्यानें व्याकरण दिलें, शब्दकोश दिला, आणि खेड्यापाड्यांतून लोकगीतें गोळा करून तीं साऱ्या युरोपास ऐकविलीं. त्याच्या आधींचीं भावंडें जगलीं नव्हतीं. तान्हीं मुलें चेटकिणी खातात अशी समजूत. पण चेटकीण लांडग्यास भिते. म्हणून या मुलाचें नांव वुक ठेविलें, आणि तो जगला. आज वुकोविच, वुचिच, वुकिच हीं आडनांवें हजारों लोक लावतात. त्यांतील प्रत्येकाच्या मागें कोठें तरी अशी एक भ्यालेली आई असण्याचा संभव आहे.

हें वाचतांना कोणा मराठी माणसास आपल्याकडील दगडू आणि धोंडू आठवणार नाहींत? पोर जगावें म्हणून त्यास दगड म्हणावें, म्हणजे काळाची दृष्टि त्यावर पडत नाहीं, ही युक्ति आपल्या आयांनींहि योजिली होती. तिकडे स्तान्को असें आणखी एक नांव आहे. त्यांतील धातु आपला 'स्था'; म्हणजे हा तरी राहो, टिको. त्यावरून स्तान्कोविच. पण याच धातूचें स्ताना हें नांव मुलीस ठेवीत, तेव्हां पुष्कळदां इच्छा निराळी असे: आतां मुली होणें थांबो. २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत नकोशी नांवाच्या अडीचशेंहून अधिक मुलींचीं नांवें समारंभपूर्वक बदलण्यांत आलीं, ही गोष्ट वाचकांस स्मरत असेल. मुलगा टिको आणि मुलगी थांबो, हीं दोन्ही मागणीं एकाच धातूंतून मागण्याइतकें मनुष्याचें मन सर्वत्र सारखेंच आहे.

आतां आडनांव स्थिर कसें झालें तें पाहूं. पूर्वीं सर्बियन खेड्यांत आडनांव दर पिढीस बदलत असे. वुकचा आजा योक्सिम. म्हणून वुकचा बाप तो स्तेफान योक्सिमोविच. बापाचें नांव स्तेफान; म्हणून मुलगा तो वुक स्तेफानोविच. १८१८ सालीं व्हिएन्नास छापलेल्या आपल्या प्रसिद्ध शब्दकोशावर त्यानें हेंच नांव घातलें. कराजिच हें घराण्याचें नांव तो पुढें लावूं लागला. तेव्हांपासून वुक स्तेफानोविच कराजिच अशी तीन पदांची नाममाला रूढ झाली: स्वतःचें नांव, बापाचें नांव, घराण्याचें नांव. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर तें नांव कोणास खटकलें नसतें.

राजघराण्यांचीहि तीच रीत. १८०४ सालीं तुर्कांविरुद्ध बंड उभारणारा पुढारी जोर्जे हा पेतारचा मुलगा, म्हणून जोर्जे पेत्रोविच. लोक त्यास कारा-जोर्जे, म्हणजे काळा जोर्जे, म्हणत. 'कारा' हा तुर्की शब्द आहे. त्याच्या वंशजांनीं आज्याचें पेत्रोविच सोडलें आणि बापाचें टोपणनांव धरलें. ते झाले काराजोर्जेविच. त्यांचें प्रतिस्पर्धी राजघराणें ओब्रेनोविच. त्याची कथा याहून नवलाची. त्या घराण्याचा संस्थापक मिलोश हा तेओदोर नामक मनुष्याचा मुलगा. परंतु त्याच्या आईचें पूर्वीं ओब्रेन नांवाच्या गृहस्थाशीं लग्न झालें होतें, आणि त्या लग्नाचा मुलगा मिलान ओब्रेनोविच हा कर्तबगार निघाला. धाकट्या मिलोशला या थोरल्या भावाचा आधार मिळाला आणि त्यानें त्याचेंच आडनांव घेतलें. पुढें १८१५ च्या दुसऱ्या उठावाचें नेतृत्व करून मिलोश राज्यकर्ता झाला, आणि १९०३ सालीं अखेरच्या राजाचा खून होईपर्यंत ओब्रेनोविच हें नांव सर्बियाच्या इतिहासांत गाजत राहिलें. ज्या ओब्रेनच्या नांवानें राजवंश चालला, त्याच्या रक्ताचा थेंबहि त्या वंशांत नव्हता. आडनांव रक्ताचीच साक्ष देतें असें मानणारांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. कधीं कधीं तें रक्ताची नव्हे, कृतज्ञतेची साक्ष देतें.

दर पिढीस नांव बदललें तर सरकारी दप्तराची पंचाईत होते. जमिनीचा सारा कोणाकडून घ्यावा? सैन्यांत कोणास बोलवावें? म्हणून १८५१ सालीं सर्बियाच्या सरकारनें आज्ञा केली कीं, यापुढें घराण्याचें आडनांव एकच व कायमचें असावें. क्रोएशियांत हें काम पुष्कळ आधीं झालें होतें. १५६३ सालीं संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर कॅथलिक पाद्री विवाहांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या वह्या नियमानें ठेवूं लागले, आणि वहींत एकदां लिहिलेलें नांव सहसा पुसलें जात नाहीं. परिणाम असा कीं, नोंद करणाराची लेखणी ज्या पिढीवर येऊन टेंकली, त्या पिढीचा आजा अमर झाला. त्याचा बाप, तितकाच सज्जन, कदाचित् अधिक कष्टाळू, काळाच्या पोटांत गडप झाला. त्या पेतारनें कोणतें युद्ध जिंकलें नव्हतें. कोणती विहीर बांधली होती असेंहि नाहीं. तो केवळ योग्य वेळीं कोणाचा तरी पूर्वज होता.

कधीं हें भाग्य आईच्या वांट्यास आलें. मारा हें मारिया या नांवाचें लाडकें रूप, त्यावरून मारिच. काता म्हणजे कॅथरीन, त्यावरून कातिच. आनापासून आनिच. आइन्स्टाइनची पहिली पत्नी, गणित आणि पदार्थविज्ञान शिकलेली मिलेवा मारिच, हिचें आडनांव या वर्गांतलें. नवरा लौकर वारला, बाईनें एकटीनें घर चालविलें, तर गांव तिच्या मुलांस तिच्याच नांवानें ओळखी. वैनतेय, कौंतेय, राधेय या परंपरेचें हें शेतकरी रूप होय. आणि एक आडनांव तर असें आहे कीं, तें प्रथम वाचलें तेव्हां मीं वही मिटून ठेविली: उदोविचिच. 'उदोवित्सा' म्हणजे विधवा, शब्द आपलाच. उदोविचिच म्हणजे विधवेचें लेंकरूं. तेथें बाईचें नांवहि उरलें नाहीं, तिची अवस्था तेवढी उरली. पण ती उरली.

येथें थोडें घरचें सांगतों. माझे आजोबा विषमज्वरानें वारले, तेव्हां माझे वडील चार वर्षांचे होते. आजीनें चार घरचा स्वयंपाक केला, पापड लाटले, आणि तीन मुलांस शिकवून उभें केलें. आळींतील लोक वडिलांस आजोबांच्या नांवानें ओळखीतच नसत. 'काकूंचा मुलगा' एवढें सांगितलें कीं पुरे होई. पण आमच्या घराण्याची छापील वंशावळ उघडावी, तर तींत आजोबांचें नांव ठळक अक्षरांत आहे, त्यांचे सहा पूर्वज आहेत, आणि आजीस अर्धी ओळ आहे: अमक्यांची कन्या. वडील जन्मभर आपल्या नांवापुढें त्या बापाचें नांव लिहीत आले, ज्याचा चेहराहि त्यांस आठवत नव्हता. आजोबांविषयीं मला आदरच आहे. पण सावेच्या कांठीं एखाद्या खेड्यांत आमचें घर असतें, तर आज आमच्या दारावरच्या पाटीवर आजीचें नांव असतें, हा विचार मला सुखवितो आणि बोंचतोहि. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नांवांत आईचेंहि नांव लिहिणें महाराष्ट्र शासनानें सरकारी कागदपत्रांसाठीं आवश्यक केलें. या निर्णयानें कित्येकांस नवल वाटलें. मला तें बऱ्याच उशिरानें फेडलेलें ऋण वाटलें.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस आणखी एका गोष्टीचें कौतुक वाटेल. दक्षिण स्लाव लोकांत पूर्वीं 'झाद्रुगा' नांवाची संस्था होती. भाऊ, चुलते, त्यांच्या बायका आणि मुलें एका चुलीवर जेवीत. जमीन सर्वांची एक. कारभार घरच्या वडीलधाऱ्याच्या हातीं. अशा घरास मूळ पुरुषाच्या नांवाचें अनेकवचन लावीत: पेतारचे वंशज ते 'पेत्रोविची'. घर वाढून वाडी झाली कीं वाडीचें नांवहि पेत्रोविची. आपल्याकडे गांवावरून माणसास नांव मिळतें, चिपळूणचा तो चिपळूणकर. तिकडे पुष्कळदां माणसावरून गांवास नांव मिळालें.

पण योवानोविच इतके झाले कीं, नुसत्या आडनांवावरून भाऊबंदकी कशी कळावी? आपल्याकडे दोन जोशी भेटले कीं गोत्र आणि कुलदैवत विचारतात. सर्ब लोक 'स्लावा' विचारतात. प्रत्येक घराण्याचा एक रक्षक संत असतो. त्याच्या वार्षिक दिवशीं घरांत मेणबत्ती लावतात, विशेष भाकरी करतात, शिजविलेल्या गव्हाचा गोड प्रसाद मांडतात, आणि हा कुलाचार बापाकडून मुलाकडे जातो. २०१४ सालीं युनेस्कोनें या प्रथेची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत नोंद केली. आडनांव एक आणि स्लावा निराळी, तर तें घराणें निराळें मानावें, असा व्यवहार आहे.

येथवर हा विषय गोड आहे. यापुढील भाग कडू आहे. पण तो गाळला तर लेख खोटा होईल. 'कोणाचा तूं?' हा प्रश्न ओट्यावरचा म्हातारा विचारतो, तोंवर त्यांत माया असते. तोच प्रश्न सरकार किंवा सैनिक विचारूं लागला, म्हणजे त्याचा अर्थ पालटतो. मॅसिडोनियाचें उदाहरण घ्या. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनंतर तो प्रदेश सर्बियाच्या ताब्यांत गेला, तेव्हां तेथील लोकांच्या नांवांस 'इच' जोडण्यांत आला. १९४१ सालीं बल्गेरियाचा अंमल आला; नांवें 'ओव'वर आणण्यांत आलीं. महायुद्ध संपून युगोस्लाव्हियाचें मॅसिडोनियन प्रजासत्ताक झालें. तेव्हां 'ओव्स्की' आलें. एकच मनुष्य, जागचा न हलतां, एका आयुष्यांत पेत्रोविच, पेत्रोव आणि पेत्रोव्स्की होऊं शकला. पेतार मात्र तोच होता. इस्त्रियाच्या किनाऱ्यावर इटलीच्या फॅसिस्ट राजवटीनें स्लाव आडनांवांस इटालियन वेष चढविला, तोहि याच जातीचा उद्योग.

बोस्नियांत तर सर्वांत हृदयद्रावक प्रकार झाला. तेथें सर्ब, क्रोएट आणि मुसलमान शेजारी शेजारी राहत आले. तिघांची भाषा परस्परांस समजते, आणि तिघांच्या आडनांवांचा प्रत्यय एकच. ऑर्थोडॉक्स योवानचा योवानोविच, कॅथलिक युरेचा युरिच, मुसलमान हसनचा हसनोविच, इब्राहिमचा इब्राहिमोविच. अरबी नांव, स्लाव शेपूट; बापाचें पोर म्हणण्याची रीत तिघांची एक. परंतु १९४१ ते १९४५ या महायुद्धाच्या वर्षांत, आणि पुन्हां युगोस्लाव्हिया फुटल्यावर १९९१ ते १९९५ या वर्षांत, प्रत्ययाकडे कोणीं पाहिलें नाहीं. त्यापूर्वींच्या दोन-तीन अक्षरांकडे पाहिलें. नाक्यावरच्या बंदूकधाऱ्यास ओळखपत्रांतील तीं अक्षरें पुरेशीं होतीं. वास्तविक तीं अक्षरें कित्येकदां दगाहि देतात. पेत्रोविच, मार्कोविच, पावलोविच हीं आडनांवें सर्ब आणि क्रोएट या दोघांतहि आहेत. आणि 'इवान' म्हणजे क्रोएट असें धरून चालावें, तर २००८ सालीं फ्रेंच अजिंक्यपद मिळविणारी आना इवानोविच ही बेलग्रेडची सर्ब!

जुलै १९९५ मध्यें स्रेब्रेनित्सा येथें आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे ठार मारण्यांत आले. जवळच्या पोतोचारी या ठिकाणीं त्यांचें स्मारक आहे. तेथील दगडी भिंतींवर मृतांचीं नांवें कोरलीं आहेत: आडनांव, मग कंसांत बापाचें नांव, मग स्वतःचें नांव आणि जन्मवर्ष. एकच आडनांव ओळीमागून ओळ येत राहतें. नुसत्या आडनांवानें कोण कोणता हें कळणें शक्य नाहीं. म्हणून मध्यें बाप उभा केला आहे. कित्येक ठिकाणीं तो कंसांतला बाप खालच्या-वरच्या ओळींत स्वतःहि आहे. आम्हीं मास्तरांनीं जन्मभर हजेरीपट लिहिले, मुलाचें नांव आणि बापाचें नांव एका ओळींत बसविलें. त्या भिंतींचें छायाचित्र पाहिल्यावर मला बराच वेळ दुसरें कांहीं सुचलें नाहीं.

ज्या आईनें आपल्या बाळास लांडगा म्हटलें, तिला वाटलें होतें कीं नांवानें पोर वांचतें. तिची श्रद्धा भाबडी असेल. पण नांव कशासाठीं असतें हें तिला शहाण्या लोकांहून अधिक कळलें होतें. आडनांव हें कोणाच्या तरी मायेची खूण आहे. तें आठवणीसाठीं आहे. आरोपासाठीं नाहीं, आणि गर्वासाठींहि नाहीं. 'पेतारचा छोटा' एवढेंच ज्याचें म्हणणें, त्या शब्दावर गर्वाचा डोलारा उभारण्यास जागाच कोठें आहे?

शेवटीं एक विनंति. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अद्याप कोणी वृद्ध माणसें आहेत, त्यांनीं आज दिवेलागणीनंतर त्यांच्यापाशीं बसावें आणि पणजीचें नांव विचारावें. माहेरचें आणि सासरचें, दोन्हीं. पणजोबांचें नांव वंशावळींत सांपडेल. तिचें सांपडणार नाहीं. जें कळेल तें तारीख घालून वहींत लिहून ठेवावें, आणि वही घरांतील लहान मुलांच्या हातीं लागेल अशा जागीं ठेवावी.